तीस ग्रॅम शिसं

माझ्यासमोर कोणी "साधारण दोन किलो असेल" म्हणालं की माझं डोकं फिरतं. साधारण म्हणजे काय? वजन असतं तेवढं असतं. चौतीस वर्षं मी काटे दुरुस्त करतोय. दुकानांचे, गिरण्यांचे, पोस्टातले, दवाखान्यांतले. काटा तपासून झाला की त्याच्या मानेवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवतो आणि खाली सही करतो. ती सही असली की घेणाराही गप्प आणि देणाराही गप्प. बाजारात मला तोंडावर 'काटेवाले' म्हणतात आणि पाठ फिरली की 'खडूस'. म्हणोत बापडे. चौतीस वर्षांत एकाही माणसाला माझ्या सहीवर बोट ठेवता आलं नाही, आणि हे मी कोणी न विचारताच सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही.

एक भंगारवाला होता. लोक त्याच्याकडे रद्दी, पत्रे, जुने नळ आणून विकायचे आणि त्याच्या काट्यावर प्रत्येक वस्तू थोडी हलकी भरायची. काहीही न ठेवता पाहिलं तर काटा शून्यावर चोख. तासभर डोकं खाजवल्यावर मी दांडीवर सरकणारा गोळा उलटा केला. त्याच्या पोटात, झाकणाच्या स्क्रूमागे, शिसं ठोकून बसवलेलं. गोळा जड झाला की माल हलका दिसतो, आणि शून्य दांडीच्या दुसऱ्या टोकाच्या नटाने जुळवून घेता येतं. बघणाऱ्याच्या बापाला कळणार नाही. मी त्या माणसाला भर रस्त्यात असा झापला की लोक जमले. "लाज वाटत नाही? माणसं विश्वासाने चढवतात इथे वस्तू!" ते शिसं मी जप्त केल्यासारखं माझ्या पेटीत टाकलं. बरीच वर्षं ते तिथेच पडून होतं.

आमच्या घरात आम्ही तिघं. मी, आमची ही, आणि मुलगी. ही एका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करते, आठ-आठ तास उभी राहून. मुलगी तलावावर लहान पोरांना पोहायला शिकवायची. एकोणिसाव्या वर्षापासून गळ्यात शिट्टी, म्हणून गल्लीत तिचं नाव शिट्टी पडलं आणि मग आम्हीही तेच लावलं. जेवताना सुद्धा गळ्यातली शिट्टी काढायची नाही कार्टी. सत्ताविसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या. का, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, आणि हाताच्या शिरा दगा द्यायला लागल्यावर मानेतून नळी. नळी आली आणि पाण्यात उतरणं बंद झालं. आयुष्य पाण्यात काढलेली पोर, अंगावर तांब्याभर पाणी घ्यायचं तरी मान वाचवून.

किडनी द्यायला मी लगेच तयार होतो. मला मधुमेह, म्हणून मला पहिल्याच दिवशी बाद केलं. हिचं रक्त जुळलं, सगळं जुळलं. मग मोठ्या डॉक्टरांनी हिला काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याऐंशी किलो.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "उंचीच्या मानाने फार आहे, रक्तदाबही काठावर आहे. चार महिने देतो. अठ्ठ्याहत्तरच्या खाली या, मग ऑपरेशनची तारीख धरू. आणि उपाशी राहून नाही हं. नीट खाऊन, व्यायाम करून. मुलीला वाचवताना तुम्हाला पाडायचं नाही आम्हाला."

"दहा किलोच ना?" ही म्हणाली. "म्हणजे वाणसामानाच्या दोन पिशव्या. रोज तर वाहते मी जिन्यावरून. आता उतरवून ठेवायच्या, एवढंच."

तिचं हे असंच. डोंगर दाखवला तरी म्हणणार, टेकडीच तर आहे.

दुसऱ्याच दिवसापासून शिट्टीने घराचा आखाडा केला. पहाटे चालणं. लाँड्रीतून आल्यावर चार मजले जिना, वर-खाली पाच वेळा. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून हाताचा व्यायाम; तो पट्टा एकदा निसटून माझ्या चष्म्यावर बसला आणि दोघी माझ्या तोंडाकडे बघून इतक्या हसल्या की व्यायाम राहिला बाजूला. आणि आठवड्यातून चार दिवस तलाव. हिला पोहता येत नव्हतं. पन्नाशी ओलांडलेली बाई गळ्यापर्यंतच्या पाण्यात कठडा धरून उभी, आणि काठावरच्या बाकावर मानेला पट्टी लावलेली शिट्टी ओरडतेय, "आई, पाय मार! पाय आहेत की खांब?" पंधरा दिवसांनी हिने कठडा सोडला. महिन्याने तलावाची एक अख्खी फेरी पूर्ण केली. फेरी पूर्ण झाली की शिट्टी वाजायची. अर्ध्यात थांबलं तर नाही. तो तिचा नियम होता, लहान पोरांनाही तोच.

खाण्याचं एका आहारवाल्या बाईंकडे होतं. हॉस्पिटलनेच दिलेल्या. दर सोमवारी त्यांचा फोन यायचा, त्या शुक्रवारचं वजन विचारायच्या आणि त्यावरून आठवड्याचं खाणं ठरायचं. किती भाजी, किती अंडी, दही कधी, फळ कधी, भात किती. हिने चहातली साखर सोडली, लाँड्रीतल्या बायकांबरोबरची दुपारची बिस्किटं सोडली. त्या बायका हिच्यासमोर मुद्दाम पुडा वाजवायच्या. ही म्हणायची, "वाजवा गं. माझी पोरगी बरी झाली की तुमच्या सगळ्यांचे पुडे एकटी खाणार आहे."

वजन आमच्या घरच्या काट्यावर व्हायचं. बंद पडलेल्या एका दवाखान्यातून मोडीत निघालेला उभा काटा मी घरी आणून नीट केला होता. दाराशी उभा असायचा. खाली पाय ठेवायची फळी, छातीशी दांडी, दांडीवर सरकणारा गोळा. शुक्रवारी सकाळी ही चपला काढायची, केसांतली क्लिपसुद्धा काढायची, आणि चढायची. गोळा सरकवायला मी. आकडा वाचायला मी. सहा आठवड्यांत अठ्ठ्याऐंशीचे चौऱ्याऐंशी झाले. आम्ही तिघं वेड्यासारखे खूश होतो.

मग काटा अडला. सातवा शुक्रवार, चौऱ्याऐंशी. आठवा, चौऱ्याऐंशीला शंभर ग्रॅम कमी. नववा, परत चौऱ्याऐंशी. तेच चालणं, तेच पोहणं, तेच मोजून खाणं. बाई फोनवर म्हणाल्या, होतं असं, शरीर हटून बसतं, अजून एक आठवडा बघू, नाहीतर खाण्यात बदल करू.

पण नवव्या शुक्रवारी ही काट्यावरून उतरली ती बूट ठेवायच्या फळीवरच बसली.

"माझ्याच्याने नाही व्हायचं हो," म्हणाली. "माझं अंगच मेलं हट्टी आहे. माझ्या पोरीला मीच मारणार."

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस." शनिवारी ती तलावावर गेली नाही. शिट्टीने हाका मारल्या, विनवलं, रागावली, शेवटी रडली. ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रविवारी दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ही ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि बिस्किटं खात होती. एकामागून एक, न चावता गिळल्यासारखी. माझी चाहूल लागली तरी वळली नाही. मी पाणी न पिताच परत आलो.

सोमवारी दुपारी ही कामावर आणि शिट्टी डायलिसिसला गेली असताना मी काट्याचा गोळा काढला. पाचशे ग्रॅमचा गोळा. पेटीतलं भंगारवाल्याचं शिसं काढलं, कातरीने सहा ग्रॅमचा तुकडा कापला, छोट्या तराजूवर तोलून. तोललासुद्धा! खोटं बोलायचं तेही ग्रॅमवर तोलून. झाकणामागे ठोकला, शून्य जुळवलं, स्वतः चढून पाहिलं. चौऱ्याऐंशीला एक किलो खाणार, एवढं गणित तोंडपाठ होतं मला.

माझ्या मनात एवढंच होतं की ही उठून उभी राहिली पाहिजे. एकदा उभी राहिली, चार दिवस पाण्यात गेली, की खरं वजन आपोआप उतरेल, काट्याला गाठेल, आणि मी हळूच शिसं काढून टाकीन. कोणाला कळायचं कारणच नाही. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाहीये. बचाव नाहीच.

त्या आठवड्यात मीच हात धरून हिला तलावावर नेलं. शुक्रवारी चढवलं. गोळा सरकवला. "त्र्याऐंशी," मी वाचलं.

"काय?"

"त्र्याऐंशी. बघ की स्वतः."

हिने वाकून पाहिलं आणि जी किंचाळली! शिट्टीने घरातच शिट्टी फुंकली, शेजाऱ्यांनी भिंत वाजवली, आणि ही दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती. कितीतरी महिन्यांत ती तशी हसली नव्हती. मीही हसलो. आणि गोळा परत शून्यावर आणून ठेवला.

आता घोडं अडलं ते इथे. एकदा त्र्याऐंशी वाचले की पुढच्या शुक्रवारी ब्याऐंशी हवेत. खरं वजन गोगलगायीसारखं सरकत होतं, आठवड्याला दोनशे ग्रॅम, कधी तेही नाही. मी दुसरा तुकडा ठोकला. मग तिसरा. प्रत्येक वेळी स्वतःला सांगितलं, हा शेवटचा.

तिसऱ्या तुकड्यानंतरच्या सोमवारी बाईंचा फोन आला. ही नेहमी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावायची.

"तीन आठवड्यांत तीन किलोंच्या वर?" बाई म्हणाल्या. "ताई, हे फार वेगाने होतंय. तुम्ही उपाशी तर राहत नाही ना? असं उतरलं तर अंगातली ताकद जाते, आणि ऑपरेशनला ताकदच हवी. आता असं करा, दुपारी वाटीभर भात वाढवा, आणि संध्याकाळी मूठभर दाणे. जिना बंद करा. एक दिवस पूर्ण विश्रांती."

"बघा!" ही माझ्याकडे बघून म्हणाली. "आता जास्त खा म्हणतायत मला! आहे की नाही मजा?"

शिट्टीने टाळी दिली. मी तिथेच उभा होतो. माझ्या तोंडातून शब्द फुटायला हवा होता. एक वाक्य पुरलं असतं. दोघींचे चेहरे पाहिले आणि मी पेटी उचलून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या एका दुकानाच्या पायरीवर बसून बाईंना फोन लावला. ठरवूनच लावला होता. म्हटलं, हिला नाही तर निदान बाईंना खरं सांगू, त्या गुपचूप खाणं बदलतील. मी म्हटलं, "बाई, जरा त्या वजनाच्या आकड्यांबद्दल—"

"अहो काका, तुमच्या आकड्यांची मला काळजीच नाही," त्या हसून म्हणाल्या. "बाकीचे लोक मला वाट्टेल ते आकडे सांगतात. कोणाचा काटा खराब, कोण लाजेने कमी सांगतं. तुमच्या घरी खुद्द काटेवाले. मी तर इथे सगळ्यांना तुमचं उदाहरण देते. बोला, काय म्हणत होता?"

"काही नाही," मी म्हटलं. "म्हटलं, नीट उतरतंय ना विचारावं."

तोंडावर स्तुती केली आणि मी विरघळलो. माझ्या पोरीचा जीव एका पारड्यात होता आणि दुसऱ्या पारड्यात माझं नाव, आणि मी नाव उचललं. कितीही फिरवून पाहिलं तरी ते असंच आहे.

ही वाटीभर भात खात राहिली. दाणे खात राहिली. जिना बंद झाला. मी मनातल्या मनात खरा आकडा धरून होतो. त्र्याऐंशी पाचशे. त्र्याऐंशी. एकदा तर वर गेला, त्र्याऐंशी चारशे. आणि काट्यावर ऐंशी, एकोणऐंशी. ही आरशासमोर उभी राहून म्हणायची, "कपडे अजून तसेच का हो बसतात?" मी म्हणायचो, "पोहून दंड भरलेत तुझे." शेवटच्या आठवड्यात शिसं तीस ग्रॅमवर पोचलं. पाच तुकडे. काट्यावर सत्त्याहत्तर सातशे.

हॉस्पिटलला जायच्या दिवशी हिने नवी साडी नेसली. शिट्टीचा डायलिसिसचा दिवस होता, ती खालच्या मजल्यावर यंत्राला जोडलेली. आम्ही दोघं वर गेलो. नर्सने हिला काट्यावर उभं केलं.

"ब्याऐंशी चारशे," नर्स म्हणाली आणि लिहायला लागली.

"थांबा थांबा," ही हसली. "तुमचा काटा बिघडलाय. सत्त्याहत्तर सातशे आहे माझं. शुक्रवारीच केलंय."

"घरचे काटे चुकतात ताई."

"आमचा नाही चुकत!" हिचा आवाज चढला, अभिमानाने. "अहो, आमचे हे काटेवाले आहेत. चौतीस वर्षं. यांच्या सहीशिवाय बाजारात एक दुकान उघडत नाही. अहो, सांगा ना यांना. तपासा बरं यांचा काटा."

मी काट्याजवळ गेलो. तपासायची गरजच नव्हती. दांडीखाली, मानेवर, पिवळी चिठ्ठी होती. दोन महिन्यांपूर्वी मीच येऊन तपासला होता. खाली माझी सही, मोठ्या ऐटीत काढलेली.

"काय झालं?" ही म्हणाली. "सांगा की."

"काटा बरोबर आहे," मी म्हटलं.

नर्स एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. हिने काट्यावरची चिठ्ठी पाहिली. माझी सही ती तिसेक वर्षं ओळखते. मग फळीवरून उतरली, चपला घातल्या, एक पट्टा अडकेना तर वाकून अडकवला.

बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "कधीपासून?"

"आठ आठवडे."

"मी भात वाढवला," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं म्हणून मी भात वाढवला. तुम्ही समोर होता."

"हो."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. ती फक्त साडीची निरी बोटाने सारखी करत बसली. मोठे डॉक्टर म्हणाले, तुमच्यासाठी राखून ठेवलेली तारीख दुसऱ्यांना द्यावी लागेल, सहा आठवड्यांनी परत बघू, निराश होऊ नका. आम्ही हो हो म्हटलं.

खाली शिट्टी यंत्राला जोडलेली वाट बघत होती. आम्हाला पाहून उठून बसायला गेली. "आई, किती?"

"ब्याऐंशी," ही म्हणाली.

"ब्याऐंशी? असं कसं? घरी तर—" मग तिचा चेहरा उतरला. "आई, तू चोरून खाल्लंस. वजनाच्या आदल्या दिवशी उपाशी राहायचीस ना? खरं सांग."

मी तोंड उघडलं. हिने माझ्याकडे न बघताच हात वर केला, गप्प राहायची खूण.

"हो," ही म्हणाली. "नाही राहवलं गं मला. चुकले."

पोरगी आईला नको नको ते बोलली. चार महिने मी बाकावर बसून घसा फोडला, म्हणाली, आणि तुला बिस्किटं सुटत नाहीत. ही मान खाली घालून ऐकत होती. आणि मी, खडूस काटेवाला, भर रस्त्यात भंगारवाल्याला झापणारा, भिंतीला टेकून उभा होतो. घरी आल्यावर मी हिला म्हटलं, मी सांगतो तिला, आत्ता सांगतो. "अजिबात नाही," ती म्हणाली. "आई तर उतरलीच तिच्या मनातून, बाप तरी राहू दे." एवढंच. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी बोलली नाही.

मी गोळ्यातलं शिसं काढलं. पाच तुकडे तळहातावर घेतले तर हाताला जाणवतसुद्धा नाहीत. ही त्या काट्यावर पुन्हा कधी चढली नाही. तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत एक काटा आहे, तिथे वजन करायची आणि आकडा स्वतः बाईंना कळवायची. मला सांगायची नाही. भात बंद, जिना सुरू, पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही वेळ पोहणं. शिट्टी रुसली होती तरी बाकावर जाऊन बसायची, फेरी पूर्ण झाली की शिट्टी वाजवायची. आई-लेकींचं भांडण तिसऱ्या आठवड्यात मिटलं. एका फेरीत ही मधेच गटांगळी खाऊन वर आली आणि नाकातलं पाणी शिंकरत म्हणाली, "वाजव की, अर्धी तरी वाजव!" आणि दोघी हसल्या. मी लांबून, कुंपणाच्या जाळीबाहेरून बघत होतो. मला आत यायला कोणी मना केलं नव्हतं, पण मी बाहेरच उभा राहायचो.

पाचव्या आठवड्यात शिट्टीला थंडी वाजून ताप आला. मानेतल्या नळीतून जंतू गेले होते. आम्हाला वाटलं, औषधाने उतरेल. चार दिवस उतरला नाही. सहाव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बोलावलं. जंतू हृदयाच्या झडपेपर्यंत पोचलेत, म्हणाले. या हृदयाला आता ऑपरेशन सोसणार नाही.

"पुढे?" हिने विचारलं. "बरी झाल्यावर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला नाही वाटत ताई. तुम्ही आता तिच्याजवळ राहा, जितकं राहता येईल तितकं."

मला तो प्रश्न विचारायचा नव्हता, पण विचारला. "दीड महिन्यापूर्वी झालं असतं तर?"

"तेव्हा हृदय ठणठणीत होतं," ते म्हणाले. त्यांना काय माहीत ते काय बोलतायत.

ही उठून बाहेर आली आणि सरळ त्या काट्याकडे गेली. माझ्या पिवळ्या चिठ्ठीच्या. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, केसांतली क्लिप काढून माझ्या हातात दिली. फळीवर चढली.

"वाचा," म्हणाली.

मी गोळा सरकवला. दांडी ठरेपर्यंत थांबलो. "सत्त्याहत्तर," मी म्हटलं. "सहाशे."

"नीट बघा."

"नीट बघितलं. सत्त्याहत्तर सहाशे. बरोबर आहे."

ती तशीच उभी राहिली. एका म्हाताऱ्या पेशंटला घेऊन नर्स आली, म्हणाली, ताई, जरा उतरा हं. मी हिचा दंड धरला. पोहून खरंच भरला होता दंड. तिने माझा हात झटकला नाही, पण धरलाही नाही. उतरली.

आत शिट्टी डोळे मिटून पडली होती. तिची वाजवायची शिट्टी गळ्यात नव्हती, पट्ट्या होत्या ना सगळीकडे; पलंगाच्या दांडीला दोरीने अडकवली होती. आमची चाहूल लागली तसे तिने डोळे उघडले. ओठ सुकलेले. आज आईच्या वजनाचा दिवस आहे हे तिच्या लक्षात होतं.

"आई," ती म्हणाली. "किती?"

"सत्त्याहत्तर सहाशे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, खरं?"

"खरं," मी म्हटलं. "मी स्वतः वाचलंय."

तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मी सांगू शकत नाही. तिने हात वर करायला घेतला, दांडीवरच्या शिट्टीकडे, तो अर्ध्यातच खाली आला. "मग झालं की," ती म्हणाली. "बसली आई आकड्यात. आता तारीख द्या म्हणावं त्यांना."

मी हिच्याकडे पाहिलं. दीड महिना जिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, खोटं बोललो म्हणून जी मला माफ करणार नव्हती, आणि करूही नये, तिने पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"दिली की तारीख," ही म्हणाली. "पुढच्या गुरुवारची. आत्ताच बोलून आलो डॉक्टरांशी. हो ना हो?"

"हो," मी म्हटलं. "गुरुवारी."

शिट्टीने मान हलवली. जरा वेळाने, आम्हाला वाटलं झोपली, तर पुटपुटली, "तोवर पोहणं सोडू नकोस हं आई. लगेच चढतं परत."

"नाही गं सोडत," ही म्हणाली.

बुधवारी सगळं संपलं. पण मधल्या प्रत्येक सकाळी ही तलावावर जाऊन आली. शिट्टी वाजवायला बाकावर कोणी नव्हतं. येऊन ओल्या केसांनी पलंगाजवळ उभी राहायची, किती फेऱ्या झाल्या ते सांगायची, आणि शिट्टी त्या बोटांवर मोजायची.